परदेशातल्या धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकी काँग्रेसकडे दाद कशी मागावी : नवख्यांसाठी वाट

इराणमधल्या बहाई समाजाच्या छळाचा निषेध करणारा ठराव अमेरिकी काँग्रेसने पहिल्यांदा केला तो १९८२ साली. त्यानंतर तसे ठराव कितीदा तरी झाले. छळ अजून चालूच आहे. मग या खटाटोपाचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल, आणि या वाटेला लागण्याआधी ते विचारायलाच हवं.

ठरावाने राजवट बदलत नाही. पण ज्या कैद्याचं नाव वॉशिंग्टनमध्ये वारंवार घेतलं जातं, त्याला तुरुंगात गुपचूप कुजत ठेवणं तिथल्या सरकारला जड जातं. तुर्कस्तानात ऑक्टोबर २०१६ मध्ये अटक झालेले अमेरिकी पाद्री अँड्र्यू ब्रन्सन यांच्यासाठी २०१८ च्या वसंतात ६६ सिनेटरांनी एका पत्रावर सह्या केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने दोन तुर्की मंत्र्यांवर निर्बंध लादले आणि १२ ऑक्टोबरला ब्रन्सन सुटले. सगळीच प्रकरणं अशी मार्गी लागत नाहीत. ब्रन्सन अमेरिकी नागरिक होते, हा फरकही मोठा आहे. तरी क्रम लक्षात घ्या : आधी पत्र, मग दबाव, मग सुटका. त्या पहिल्या पत्रापर्यंत तुम्ही-आम्ही पोचू शकतो. हा लेख तेवढ्यापुरता आहे.

तुम्हाला हा अधिकार आहे का?

अमेरिकेत राहत असाल तर आहे. सरकारकडे दाद मागण्याचा हक्क अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे. ग्रीन कार्ड असो वा कामाचा व्हिसा, प्रतिनिधी आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या रहिवाशांचा असतो. मताचा हक्क नसलेल्यांचाही. कार्यालयात फोन केल्यावर पहिला प्रश्न तुमच्या नागरिकत्वाचा नसतो, पिनकोडचा असतो. तिथे त्याला झिप कोड म्हणतात, आणि तोच तुमचा प्रवेशपास.

लॉबिंग म्हटलं की पगारी दलाल डोळ्यांसमोर येतात. पदरमोड करून आपलं म्हणणं मांडायला जाणाऱ्या माणसाला १९९५ च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्याखाली नोंदणी करावी लागत नाही. ती पगार घेऊन हे काम करणाऱ्यांसाठी आहे.

दोन ठिकाणी मात्र जपून. तुमचं मंडळ, मंदिर, चर्च, मशीद किंवा गुरुद्वारा ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून, नोंदलेलं असेल, तर कायद्यांविषयी बोलण्याला मर्यादेत मुभा आहे. निवडणुकीत कुणा उमेदवाराला पाठिंबा देण्याला अजिबात नाही. ‘हे विधेयक मंजूर करा’ चालतं, ‘यांना निवडून द्या’ चालत नाही. दुसरं, परदेशी सरकारच्या, पक्षाच्या किंवा तिथल्या संस्थेच्या सांगण्यावरून तुम्ही जात असाल तर १९३८ चा परदेशी हस्तक नोंदणी कायदा लागू होऊ शकतो. वकिलातीतून कुणी ‘जरा अमुक सिनेटरला भेटून या’ असं सुचवलं, तर आधी वकील गाठा, सिनेटर नंतर.

यंत्रणा थोडक्यात समजून घ्या

सगळा डोलारा १९९८ च्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायद्यावर उभा आहे. सिनेटमध्ये तो ९८ विरुद्ध ० असा मंजूर झाला आणि २७ ऑक्टोबरला अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. या कायद्याने तीन गोष्टी आणल्या. परराष्ट्र खात्यात या विषयाचा खास राजदूत आणि त्याचं कार्यालय, दर वर्षीचा देशवार अहवाल, आणि यू.एस.सी.आय.आर.एफ. म्हणजे अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोग, हा नऊ सदस्यांचा स्वतंत्र आयोग, ज्याच्या नेमणुका अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते मिळून करतात.

आयोग आणि परराष्ट्र खातं यांची नवखे नेहमी गल्लत करतात, म्हणून इथे थोडं थांबतो. आयोग शिफारस करतो. निर्णय परराष्ट्र खात्याचा, म्हणजे अध्यक्षांचा. ‘विशेष चिंतेचे देश’ ही यादी सरकारची असते आणि आयोगाच्या शिफारशींपेक्षा ती बहुतेक वेळा आखूडच निघते. यादीत येण्यासाठी उल्लंघनं ‘पद्धतशीर, सातत्याची आणि घोर’ असावी लागतात. हे तीनही शब्द कायद्यातले आहेत, तुमच्या टिपणात ते उगाच शोभेसाठी वापरू नका. एखाद्या गावातला एक हल्ला कितीही भयंकर असला तरी तो एकटा या व्याख्येत बसत नाही. पोलिसांनी तक्रार घेतली नाही, न्यायालयाने टाळाटाळ केली, पुढच्या वर्षी तेच पुन्हा झालं, असं दाखवता आलं की तो बसायला लागतो.

२०१६ च्या फ्रँक वुल्फ कायद्याने या यंत्रणेला आणखी दात दिले. ‘विशेष निगराणी यादी’ ही खालची पायरी आली, सरकार नसलेल्या सशस्त्र गटांसाठी वेगळी यादी आली, आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांनाही संरक्षण आहे हे स्पष्ट लिहिलं गेलं.

यादीत नाव आलं की लगेच निर्बंध लागतात, हाही एक गैरसमज. कायद्यात पंधरा प्रकारच्या कारवाया दिल्या आहेत, खासगीत दिलेल्या समजेपासून आर्थिक निर्बंधांपर्यंत. शिवाय राष्ट्रहिताचं कारण देऊन अध्यक्ष सूट देऊ शकतात. सौदी अरेबिया २००४ पासून यादीत आहे आणि सूटही घेत आला आहे. पाकिस्तान २०१८ पासून यादीत आहे, तिथेही तेच. व्हिएतनामची गोष्ट वेगळी. २००४ मध्ये तो यादीत आला, २००५ मध्ये अमेरिकेशी करार करून त्याने काही बंधनं सैल केली, २००६ मध्ये यादीतून बाहेर पडला, आणि २०२२ मध्ये निगराणी यादीत परत आला. म्हणजे यादीचा धाक असतो, पण त्यामागे कुणीतरी लावून धरणारं असेल तोवरच.

धर्मस्वातंत्र्य पायदळी तुडवणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांवरच्या व्हिसाबंदीचं कलमही याच कायद्यातलं. मार्च २००५ मध्ये नरेंद्र मोदी यांचा व्हिसा रद्द झाला तो या कलमाखाली, आणि त्याआधी काँग्रेस सदस्य व नागरिक गटांनी त्यासाठी जोर लावला होता. त्या निर्णयाबद्दल तुमचं मत काहीही असो. कागदावर पडून राहिलेलं कलम कुणीतरी मागे लागल्यावर कसं वापरात येतं, ते त्यातून दिसतं.

मागणी ठरवा, आणि ती लहान ठेवा

बहुतेक शिष्टमंडळं इथेच फसतात. ‘अमुक देशात आमच्या बांधवांवर अत्याचार होत आहेत, आपण लक्ष घालावे’ ही मागणी नव्हे. समोरचा मान डोलावेल, ‘हे फार गंभीर आहे’ म्हणेल आणि तुम्ही बाहेर पडाल. लक्ष घालणं म्हणजे उद्या सकाळी टेबलावर बसून नेमकं काय करायचं, हे तुम्हीच सांगायला हवं.

काँग्रेसच्या सदस्याच्या हातात असतं ते असं : एखाद्या विधेयकाला किंवा ठरावाला सहप्रायोजक होणं, म्हणजे मांडणाऱ्या सदस्याच्या जोडीला पाठिंबा म्हणून आपलं नाव लावणं. परराष्ट्रमंत्र्यांना किंवा संबंधित देशाच्या राजदूताला पत्र लिहिणं, किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रावर सही करणं. सुनावणीत प्रश्न विचारणं, तिथे वेळ न मिळाल्यास लेखी प्रश्न पाठवणं. सभागृहात निवेदन करणं. खर्चाच्या विधेयकात, किंवा त्यासोबतच्या समितीच्या अहवालात, दोन ओळी घालून घेणं. आणि धर्मासाठी तुरुंगात असलेल्या एखाद्या कैद्याचं पालकत्व घेणं.

नवख्यांनी या शेवटच्या मागणीपासून सुरुवात करावी, असं माझं मत. प्रतिनिधीगृहातल्या टॉम लँटॉस मानवाधिकार आयोगाने डिसेंबर २०१२ मध्ये ‘डिफेंडिंग फ्रीडम्स प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात एक सदस्य एका कैद्याला दत्तक घेतो, त्याच्याबद्दल बोलतो, पत्रं लिहितो. या मागणीला पैसे लागत नाहीत, पक्षाची अडचण येत नाही, आणि देशाच्या नकाशाऐवजी माणसाचा चेहरा समोर असतो. कार्यालयाला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. एकदा हो म्हणालेलं कार्यालय पुढच्या मागणीलाही दार उघडतं.

खर्चाच्या विधेयकाची वाट मात्र नवखे विसरतात, कारण ती रूक्ष आहे. दर वर्षी साधारण वसंत ऋतूत सदस्य आपापल्या विनंत्या विनियोजन समितीकडे पाठवतात. त्याआधी त्यांच्या संकेतस्थळांवर अर्ज उघडतात आणि मुदत काही आठवड्यांचीच असते. ‘अमुक देशातल्या अल्पसंख्याकांच्या स्थितीवर परराष्ट्र खात्याने इतक्या दिवसांत अहवाल द्यावा’ असं एक वाक्य समितीच्या अहवालात शिरलं, की खात्यातल्या कुणालातरी तो अहवाल लिहायला बसावं लागतं. ठरावाइतकी टाळ्या मिळवणारी गोष्ट नाही ही. पण काम पुढे सरकतं.

एका भेटीत एकच मागणी. फार तर दोन. पाच मागण्या नेल्यात तर कार्यालय त्यातली सर्वांत सोपी निवडेल आणि तुम्हाला ती नकोच असेल.

कुणाकडे जायचं

सदस्य एकूण ५३५ मतदानाचे : प्रतिनिधीगृहात ४३५, सिनेटमध्ये १००. तुमचे त्यातले तीन, एक प्रतिनिधी आणि दोन सिनेटर. आधी त्यांच्याकडेच. ते परराष्ट्र व्यवहार समितीवर नसले तरी हरकत नाही. सहप्रायोजक कुणालाही होता येतं, आणि पत्रावर सही करायला समिती लागत नाही. दुसऱ्या मतदारसंघातल्या वजनदार सदस्याला भेटायचं असेल तर त्या मतदारसंघात राहणारा माणूस शोधून त्याला पुढे करा. एका प्रतिनिधीमागे सुमारे साडेसात लाख रहिवासी असतात. परक्या मतदारसंघातल्या पाहुण्यासाठी त्याच्याकडे वेळ उरत नाही, यात उद्धटपणा नाही, हिशेब आहे.

जाण्याआधी तासभर गृहपाठ करा. काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की प्रायोजक कोण, सहप्रायोजक कोण, कुठल्या समितीकडे पडून आहे, सगळं दिसतं. तुमचा सदस्य आधीच सहप्रायोजक असेल आणि तुम्ही त्यालाच ‘सहप्रायोजक व्हा’ म्हणालात, तर भेट तिथेच संपली. त्याऐवजी आभार मानून पुढची गोष्ट मागायची.

दोन्ही पक्षांकडे जा. हा विषय अजूनही दोन्ही बाकांवरून बोलला जातो, तसे थोडेच विषय उरले आहेत. २०२१ चा उइगूर सक्तमजुरी प्रतिबंधक कायदा प्रतिनिधीगृहात आणि सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने झाला. चीनमधल्या, उइगूर मुसलमानांच्या शिनजियांग प्रांतातून येणारा माल सक्तमजुरीचाच आहे असं तो गृहीत धरतो, आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर टाकतो.

पुरावा आणि माणसांची सुरक्षितता

कार्यालयात द्यायचं टिपण एक पान. दोन्ही बाजूंनी छापलेलं एक पान नव्हे, एका बाजूला मावेल एवढं. वर मागणी, मग तीन-चार वाक्यांत परिस्थिती, मग एका माणसाची गोष्ट, खाली तुमचं नाव, गाव, फोन. इतिहास नको. हजार वर्षांपूर्वी काय झालं ते सांगायला बसलात की समोरच्याची नजर घड्याळाकडे जाते.

पुराव्यात परराष्ट्र खात्याचा स्वतःचा अहवाल सर्वांत भारी, कारण तो त्यांच्याच सरकारने लिहिलेला असतो. मग यू.एस.सी.आय.आर.एफ.चा अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाची कागदपत्रं, न्यायालयाचे निकाल, कायद्याचं कलम. ‘पाकिस्तानात ईशनिंदेचा कायदा जाचक आहे’ यापेक्षा ‘कलम २९५-सी मध्ये मृत्युदंड आहे आणि अमुक व्यक्ती अमुक वर्षापासून त्या कलमाखाली तुरुंगात आहे’ हे वाक्य कितीतरी पुढे जातं.

व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही छापून नेऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात शेख हसीना यांचं सरकार पडल्यावर हिंदूंच्या घरांवर आणि मंदिरांवर हल्ले झाले, हे खरं. त्याच दिवसांत जुने आणि भलतीकडचे व्हिडिओ नव्या नावाने फिरले, हेही खरं. कार्यालयातल्या कुणी त्यातला एक खोटा व्हिडिओ ओळखला, तर तुमच्या खऱ्या नऊ प्रकरणांवरही संशयाची सावली पडते आणि ती पुढच्या वर्षीपर्यंत हटत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही बोलता त्यांची सुरक्षितता. कैद्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्याचं नाव बाहेर काढू नका. काहींना गाजावाजा हवा असतो, काहींना तो परवडत नाही, आणि हा निर्णय त्यांचा. रेडिओ फ्री एशियाच्या उइगूर पत्रकारांचे शिनजियांगमधले नातेवाईक ताब्यात घेतले गेल्याचं २०१८ मध्ये जगासमोर आलं. बोलणारा अमेरिकेत होता, किंमत तिकडच्यांनी मोजली. गावाची नावं, फोटो, चर्चचा किंवा जमातखान्याचा पत्ता, ज्यावरून माणूस ओळखता येईल असं काहीही ईमेलमध्ये घालू नका. ते प्रत्यक्ष भेटीत, गरज पडली तरच, आणि ‘हे बाहेर जाऊ नये’ असं आधी सांगून.

तुमच्याच नातेवाइकाचं प्रकरण असेल आणि कार्यालयाने सरकारी खात्याकडे त्याची चौकशी करावी असं वाटत असेल, तर गोपनीयता सोडण्याचा लेखी अर्ज लागतो. तो कार्यालयच देतं. प्रकरण अमेरिकी नागरिकाचं असेल तर हे पहिल्याच दिवशी विचारा.

भेट मागणं

ईमेल अर्थातच इंग्रजीत जाईल. त्याचा सांगाडा असा ठेवा :

‘मी आपल्या मतदारसंघात, अमुक गावी राहतो. अमुक देशातील धार्मिक कैद्यांविषयी आपल्या परराष्ट्र विषयाच्या सहकाऱ्यांना भेटण्याची इच्छा आहे. आमची विनंती एकच आहे : प्रतिनिधींनी अमुक क्रमांकाच्या ठरावाला सहप्रायोजक व्हावे. आम्ही चौघे असू, चौघेही याच मतदारसंघातले. अमुक आठवड्यात पंधरा मिनिटे पुरतील. टिपण सोबत जोडले आहे.’

एवढंच. कैफियत जोडू नका. उत्तर आलं नाही तर आठवड्याने फोन करा. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१, तिथून कुठल्याही कार्यालयाला जोडून देतात. कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवण्यात अर्थ नाही. २००१ च्या अँथ्रॅक्स प्रकरणानंतर तिथली टपाल तपासणीतून जाते आणि उशिरा पोचते.

वॉशिंग्टनला जाणं जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक सदस्याचं मतदारसंघात कार्यालय असतं, आणि अधिवेशन नसतानाचे आठवडे, विशेषतः ऑगस्ट, सदस्य तिकडेच असतो. वॉशिंग्टनमध्ये पंधरा मिनिटं सहाय्यकाबरोबर मिळतील, तर गावाकडे कदाचित खुद्द सदस्य भेटेल.

भेटीच्या दिवशी

प्रतिनिधीगृहाच्या कार्यालयांच्या इमारती कॅनन, लाँगवर्थ आणि रेबर्न. जवळचं मेट्रो स्टेशन कॅपिटॉल साउथ. सिनेटच्या रसेल, डर्कसन आणि हार्ट. त्यांना युनियन स्टेशन जवळ. दोन्ही बाजूंच्या भेटी एकाच दिवशी ठेवल्यात तर मध्ये किमान अर्धा तास सोडा, कारण चालणं आहे आणि सुरक्षा तपासणीची रांग आहे. भेटवस्तू नेऊ नका. शाल-श्रीफळ, मूर्ती, मिठाईचा मोठा डबा, काहीही नको. भेटवस्तूंचे नियम कडक आहेत आणि बिचाऱ्या सहाय्यकाला ती परत कशी करायची याची चिंता लागते.

भेटायला बहुधा पंचविशीतला कुणीतरी येईल. कदाचित खोलीही नसेल, बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच बोलावं लागेल. आपल्यातले ज्येष्ठ इथे नाराज होतात : ‘एवढ्या लांबून आलो आणि पोराशी बोलायचं?’ त्या पोराशीच बोलायचं. परराष्ट्र विषय पाहणारा सहाय्यक संध्याकाळी दोन ओळींचं टिपण लिहितो आणि ‘सही करावी’ किंवा ‘करू नये’ अशी शिफारस करतो. सदस्य बहुतेक वेळा त्याचं ऐकतो. त्या सहाय्यकाकडे परराष्ट्र व्यवहाराबरोबर संरक्षण, व्यापार आणि स्थलांतर हेही विषय असू शकतात. तुमच्या देशाबद्दल त्याला काही माहीत नसेल असं धरूनच बोला, आणि ते त्याला जाणवू देऊ नका.

आत जाण्याआधी कामं वाटून घ्या. एक जण ओळख करून देईल आणि मागणी सांगेल. एक जण माणसाची गोष्ट सांगेल. एक जण फक्त लिहील. चौथा वेळेवर लक्ष ठेवेल आणि विषय भरकटला की परत आणेल. पहिल्याच मिनिटात मागणी सांगून टाका. घंटा वाजते, सदस्याला मतदानाला पळावं लागतं, सहाय्यकाला बोलावणं येतं. शेवटी सांगू म्हणून राखून ठेवलेली मागणी राहूनच जाते.

गोष्ट सांगणाऱ्याला शक्यतो स्वतःचा अनुभव असावा. नसेल तर ज्याला आहे त्याच्या परवानगीने, त्याच्याच शब्दांत, दोन मिनिटांत.

उत्तर येत नसलेला प्रश्न विचारला तर ‘शोधून उद्या कळवतो’ म्हणा. अंदाज ठोकू नका. खरं तर असा प्रश्न आला की मला आनंदच होतो. दुसऱ्या दिवशी ईमेल पाठवायला आयतं कारण मिळतं.

निघताना थेट विचारा : ‘प्रतिनिधी सहप्रायोजक होतील का?’ उत्तर ‘विचारून सांगतो’ असंच येईल. मग पुढचा प्रश्न : ‘आम्ही कधी विचारणा करू?’ तारीख घ्या. आपल्याकडे निवेदन देऊन फोटो काढला की काम झालं असं मानायची सवय आहे. इथे फोटो हवा तर काढा, तारीख मात्र विसरू नका.

भारताचा प्रश्न निघेलच

तुमचं आडनाव पाहून, किंवा सहज, सहाय्यक विचारेल : भारताबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? २०२० पासून यू.एस.सी.आय.आर.एफ. आयोगाने भारताला विशेष चिंतेचा देश ठरवण्याची शिफारस वारंवार केली आहे. परराष्ट्र खात्याने ती मानलेली नाही. भारत सरकार हे अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळत आलं आहे. अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये यावर टोकाची मतं आहेत, आणि कदाचित तुमच्या चौघांतही असतील.

म्हणून याचं उत्तर खोलीबाहेरच ठरवा. ‘आज आम्ही फक्त पाकिस्तानातल्या हिंदू आणि ख्रिस्ती मुलींच्या सक्तीच्या धर्मांतराबद्दल आलो आहोत, भारताबद्दल आमच्यात वेगवेगळी मतं आहेत’ हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते चालतं. चिडणं चालत नाही. दुसऱ्याच्या अहवालाला ‘प्रचार’ म्हणायचं आणि त्याच अहवालातलं शेजारच्या देशाचं पान पुरावा म्हणून पुढे करायचं, हे तर मुळीच चालत नाही. समोरच्याकडे दोन्ही पानं असतात. फक्त भारतावर बोलायला जाणाऱ्यांनाही हीच कसोटी लागू आहे : शेजारच्या देशातल्या हिंदू किंवा अहमदी कैद्याबद्दल विचारलं तर तुमच्याकडे उत्तर हवं.

मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याच्या १८ व्या कलमात धर्म पाळण्याचा हक्क आहे, तसा धर्म बदलण्याचाही आहे. यातला अर्धाच भाग ज्याला मान्य आहे, त्याने या दाराशी जाण्याआधी स्वतःशी एकदा बसावं. सर्वांत उत्तम शिष्टमंडळ मिश्र असतं. अहमदींसाठी बोलायला एक हिंदू, ख्रिस्ती कैद्यासाठी बोलायला एक मुसलमान सोबत असला, की सहाय्यक पेन उघडतो. वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य गोलमेजात वेगवेगळ्या धर्मांचे आणि निधर्मी गट एकत्र बसून पत्रं तयार करतात. सोबती शोधायला ती चांगली जागा आहे.

पाठपुरावा

त्याच दिवशी आभाराची ईमेल, त्यात मागणी पुन्हा एका ओळीत, टिपण पुन्हा जोडलेलं. ठरलेल्या तारखेला विचारणा. मग साधारण महिन्याने एखादी नवी बातमी : खटल्याची तारीख लागली, कैद्याला दवाखान्यात हलवलं, आणखी अमुक सदस्यांनी सही केली. दर आठवड्याला लिहू नका, आणि सहा महिने गप्पही बसू नका. नकार आला तर कारण विचारा. कधी कारण एवढंच असतं की ठरावातला एक शब्द त्यांना खटकतो, आणि तो बदलता येतो.

सही झाली तर जाहीर आभार माना, स्थानिक वृत्तपत्रात चार ओळी पाठवा, कार्यालयाला त्याचं कात्रण द्या. सदस्यालाही आपण केलेलं काम दिसलेलं हवं असतं. सहाय्यक दर एक-दोन वर्षांनी बदलतात. जाणाऱ्याकडून येणाऱ्याचं नाव घेऊन ठेवा. जाणारा बऱ्याचदा समितीत किंवा परराष्ट्र खात्यात गेलेला असतो, त्याचा नवा पत्ताही वहीत लिहा.

काँग्रेसची मुदत दोन वर्षांची. विषम वर्षाच्या ३ जानेवारीला नवी काँग्रेस बसते आणि मंजूर न झालेली सगळी विधेयकं, ठराव रद्द होतात. तुमचा क्रमांकही जातो. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये जुन्या सहप्रायोजकांची यादी उतरवून घ्या, निवडणुकीत कोण पडलं ते खोडा आणि प्रायोजकाच्या कार्यालयाला विचारा की नव्या सत्रात ठराव पुन्हा मांडणार का. ‘हो’ आलं, की नव्या क्रमांकासह पहिली ईमेल त्या यादीतल्या उरलेल्या नावांना जाते.